धार आणि धीर

मराठीत धारेचा संसार मोठा आहे. तलवारीला धार असते, जिभेला असते, बुद्धीला असते, आणि पहाटे गोठ्यात काढतात तीही धारच. आम्ही प्राध्यापक मंडळी तर उत्तरपत्रिका तपासताना ‘लेखनाला धार नाही’ असा शेरा अगदी सढळ हाताने मारतो. पण ज्या वस्तूला खरोखरीची धार असायला हवी, ती घरातली सुरी आणि खिशातला चाकू यांच्याकडे आपले लक्ष कितपत असते? परवा स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी सहज विचारले, “घरी चाकूला धार कोण लावतो?” आठ जण होते. दोघे म्हणाले, “नवीन आणतो.” एक म्हणाले, “विळी आहे ना!” बाकीचे नुसते हसले.

हे हसणे तसे अलीकडचे आहे. आपल्या भागात हत्याराला धार लावणे हे गावगाड्यातले ठरलेले काम होते. पेरणीपूर्वी आणि सुगीपूर्वी विळे-खुरपी लोहाराच्या भात्यापाशी जात. गाढवांवर संसार लादून घिसाडी गावाबाहेर उतरत, तेव्हा घरोघरच्या कुऱ्हाडी आणि कोयते त्यांच्याकडे निघत. ‘घिसाडघाई’ हा शब्द आपण त्यांच्यावरूनच केला, आणि तो करताना त्यांच्यावर थोडा अन्यायच केला, कारण तापल्या लोखंडावर घाई करावीच लागते. लोखंड कुणासाठी थांबत नाही. शिकलगार हे आडनाव तर बेळगाव, निपाणी, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात घरोघर माहीत आहे. त्याचे मूळ ‘सैकल’ या अरबी शब्दात आहे. सैकल म्हणजे घासून चकाकी आणणे, आणि ते काम करणारा तो सैकलगर. म्हणजे तलवारींना पाणीदार ठेवणारी ही माणसे. पुढे सायकलच्या मागच्या चाकावर दगडाची चकती फिरवत गल्लीतून हाळी देणारा धारवाला आला. आता त्याची हाळीही क्वचितच ऐकू येते.

आणखी एक गंमत आपल्या सीमेवरच्या माणसालाच कळेल. देवघरात चंदन उगाळायची ती मराठीत सहाण. कानडीत ‘साणे’ म्हणजे मात्र सुरी-विळ्याला धार लावायचा दगड. दोन्ही शब्दांची आई एकच, संस्कृतमधली ‘शाण’. एकाच दगडावर एका भाषेने चंदन ठेवले, दुसरीने चाकू. आपल्या बाजारात दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या माणसाला हा दगड परका वाटण्याचे काही कारण नाही.

बोथट म्हणजे नक्की काय?

धार म्हणजे दोन उतार जिथे मिळतात ती रेघ. चांगल्या धारेत ही रेघ इतकी बारीक असते की तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास येते. वापराने ती रेघ झिजून गोल होते, कुठे वाकते, कुठे तुटते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. चाकूची धार वर करून दिव्याखाली धरा आणि सरळ तिच्याकडे पाहा. चांगली धार दिसतच नाही. जिथे बारीक पांढरी चमक दिसेल, तिथे ती बोथट झाली आहे. उजेड परतवायला तिथे जागा तयार झालेली असते.

‘बोथटच बरा, निदान हात तरी कापत नाही’ असे म्हणणारी मंडळी घरोघर असतात. खरा प्रकार उलटा आहे. धारदार चाकू आपल्या वजनाने कापतो. बोथट चाकूला जोर द्यावा लागतो, जोर दिला की तो टोमॅटोच्या सालीवरून घसरतो आणि बोटावर येतो. कांद्याचेही तसेच. बोथट सुरी कांद्याच्या पेशी कापत नाही, चेंगरते. मग डोळ्यांना पाणी आणणारा वायू जास्त सुटतो. स्वयंपाकघरातले निम्मे अश्रू कांद्याचे नसून सुरीचे असतात, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

दगडाची गोष्ट

पाते घासायचे तर दगडातले कण पोलादापेक्षा कठीण हवेत, हा सगळ्याचा पाया. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोस यांनी 1812 साली खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी केली. तिच्यात हिरा दहावर आणि गारगोटी सातवर. चाकूचे पोलाद साधारण साडेपाच ते साडेसहाच्या घरात येते. म्हणून ज्या दगडात गारगोटीचे बारीक कण एकसारखे भरलेले असतात, तो दगड धारेला चांगला. सह्याद्रीचा काळा पाषाण जात्याला आणि पाट्याला उत्तम, पण त्यात गारगोटी जवळजवळ नसते. पाट्याच्या कडेला सुरी घासून वेळ निभते, एवढेच. घटप्रभा ज्या कड्यावरून गोकाकला उडी घेते तो कडा, किंवा बदामीची लेणी ज्यात कोरली तो डोंगर, हा वालुकाश्म. त्यात गारगोटीचेच कण. धारेचा नैसर्गिक दगड त्याच जातीचा असतो, फक्त त्याचे कण बारीक आणि एकसारखे हवेत.

आज हार्डवेअरच्या दुकानात जो करड्या-काळ्या रंगाचा दगड मिळतो, तो डोंगरातला नाही. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांनी विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोळशाची पूड तापवताना चमकदार काळे स्फटिक मिळवले. त्यांनी नाव दिले कार्बोरंडम. ते मोसच्या शिडीवर नवाच्याही वर जाते. योगायोग असा की त्याच 1891 मध्ये कार्ल एल्सनर या स्विस कारागिराने आपल्या देशाच्या सैनिकांना घडीचा चाकू पुरवायला सुरुवात केली, आणि ‘स्विस नाइफ’ हा शब्द पुढे जगभर झाला. खिशातला चाकू आणि त्याला धार लावणारा दगड, दोघांची आजची पिढी एका वर्षाची. आपल्याकडे मद्रासला 1954 साली कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली, आणि हे दगड देशातच बनू लागले.

दुकानात मागताना ‘दोन बाजूंचा, आठ इंची’ असे सांगावे. आठ इंच लांब, दोन इंच रुंद, एक इंच जाड. एक बाजू खरखरीत, दुसरी बारीक. त्यावर आकडे असतील तर लक्षात ठेवा, आकडा जितका मोठा तितका कण बारीक. नवशिक्याला एवढा एक दगड पुरे. हजार, तीन हजार, सहा हजार आकड्यांचे जपानी पाणदगड आता घरपोच मिळतात. ते सुरेख असतात, पण हात बसण्यापूर्वी ते घेणे म्हणजे सारेगम येण्याआधी तानपुऱ्यांची जोडी घेण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष काम

पहिला धडा आवडत्या चाकूवर गिरवू नये. घरातली एखादी टाकाऊ ठरलेली सुरी घ्यावी. चाकू घडीचा असेल तर आधी तो पूर्ण उघडतो का, बिजागरी ढिली नाही ना, हे पाहावे. पाते अडकवणारी कळ नसेल तर ते काम चालू असताना मिटू शकते, म्हणून मिटण्याच्या वाटेत बोट ठेवू नये. करवतीसारखे दात असलेले पाते सपाट दगडावर घासू नये.

दगड पाण्यात बुडवून ठेवावा. बुडबुडे यायचे थांबले की तो पाणी प्यायला, असे समजावे. पाण्याऐवजी शिवणयंत्राचे तेलही चालते, पण एकदा तेल लावलेल्या दगडाला पुन्हा पाणी मानवत नाही. तेव्हा काय वापरायचे ते पहिल्या दिवशी ठरवावे. शेंगतेल वगैरे वापरू नये, ते चिकट होऊन दगडाची छिद्रे बुजवते. ओट्यावर ओले फडके अंथरून त्यावर दगड ठेवला की तो सरकत नाही. खरखरीत बाजू वर.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कोन. खिशातल्या चाकूला दर बाजूने साधारण वीस अंश पुरतात. कोनमापक घेऊन बसायची गरज नाही. कागदाच्या काटकोनी कोपऱ्याची एक घडी घातली की पंचेचाळीस अंश, आणखी एक घडी की साडेबावीस. तो त्रिकोण दगडाशेजारी उभा ठेवावा आणि डोळ्याने जुळवावे. दुसरा हिशोब त्याहून सोपा. पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश उंच धरावी. दीड सेंटिमीटर रुंदीच्या पात्याला अर्धा सेंटिमीटर, म्हणजे रुपयाची तीन-चार नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी उंची. नाणी फक्त अंदाजासाठी, घासताना ती काढून ठेवावीत.

उजव्या हातात मूठ, डाव्या हाताची दोन-तीन बोटे पात्याच्या सपाट अंगावर. दगडाचा पातळसा पापुद्रा कापून काढायचा आहे अशा बेताने, धार पुढे करून, पाते टाचेपासून टोकापर्यंत न्यावे. टोकाशी पाते वळते, तिथे मूठ किंचित वर उचलावी, नाही तर टोक कोरडेच राहते. कोन जुळतो आहे की नाही हे कळायला धारेलगत जाड मार्करने रेघ ओढावी. चार-पाच वेळा घासून पाहावे. शाई धारेपर्यंत पुसली गेली तर कोन बरोबर. फक्त वरच्या अंगाला पुसली तर पाठ थोडी उचलायला हवी. अगदी काठावरचीच पुसली तर पाठ खाली आणायला हवी.

किती वेळ घासायचे? इथे बहुतेकांची गाडी अडते. ‘दहा वेळा इकडे, दहा वेळा तिकडे’ हे उत्तर बरोबर नाही. एका बाजूने घासत राहावे आणि अधूनमधून दुसऱ्या बाजूला अंगठा टेकून पाहावा, पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर. धारेच्या लांबीने कधीही नाही. काठावर बारीक तारेसारखा खरखरीत ओठ लागला की समजावे, आपण काठापर्यंत पोहोचलो. पोलाद झिजून पलीकडे वळले आहे. हा ओठ टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे लागला पाहिजे. मगच पाते उलटायचे आणि दुसऱ्या बाजूने तोच ओठ अलीकडे आणायचा. फार बोथट चाकू असेल तर याला अर्धा तासही लागतो. ओठ येण्याआधी थांबणे हे बहुतेक सुऱ्या बोथटच राहण्याचे कारण.

यानंतर दगड उलटावा. बारीक बाजूवर तेच काम हलक्या हाताने करावे. शेवटी एकदा ही बाजू, एकदा ती बाजू, आणि दर वेळी जोर कमी करत यावे. अखेरचे चार-पाच हात तर पात्याच्या नुसत्या वजनाने. जोर तसाच ठेवला तर ओठ या बाजूचा त्या बाजूला होत राहतो, गळून पडत नाही. उरलासुरला ओठ काढायला जुन्या चामडी पट्ट्याची आतली बाजू घ्यावी आणि त्यावर पाठ पुढे, धार मागे अशी दहा-वीस वेळा सुरी ओढावी. केशकर्तनालयात वस्तरा पट्ट्यावर फिरताना पूर्वी आपण सगळ्यांनी पाहिला आहे, तेच हे. दगडावर जमलेला काळसर गाळ म्हणजे दगडाची आणि पोलादाची पूड. चाकू धुवून लगेच कोरडा करावा आणि बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडावा.

परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदाची. कागद एका हाताने लोंबता धरावा आणि चाकू वरून ओढावा. न फाटता सरळ कापला तर पास. जिथे अडकला, तिथे पुन्हा दगड. पिकलेला टोमॅटो हा त्याहून कडक परीक्षक.

दगड मिळेपर्यंत थांबायचे नसेल तर घरातली लोणच्याची चिनीमातीची बरणी उलटी करावी. बुडाच्या कडेला चकाकी नसलेले खरखरीत कडे असते. त्यावर सुरी तात्पुरती तयार होते. आपल्या आज्या हे करत, आणि त्यामागे शास्त्र आहे. भाजलेल्या मातीतले ते कण पोलादापेक्षा कठीण असतात.

विजेच्या चाकावर मात्र जपून. ठिणग्या सुंदर दिसतात, पण पाते निळे पडले की समजावे, तीनशे अंशांच्या आसपास तापले आणि लोहाराने दिलेले ‘पाणी’ तिथे उतरले. तेवढ्या भागात मग धार टिकत नाही. दगडावर हाताने घासण्यात ही भीती नाही.

झिजण्याचा प्रश्न

आमच्या घरी हा विषय निघाला तो अण्णांच्या चाकूवरून. अण्णा, म्हणजे माझे वडील, खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्याकडे शिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा चाकू होता. मुलांचे बोरू तासणे, पेन्सिली करणे, पार्सलची सुतळी कापणे, आंबा चिरणे, सगळे त्यावर. पाते साध्या पोलादाचे, कैरी कापली की काळे पडणारे. ते गेल्यापासून चाकू आईच्या कपाटात रुमालात गुंडाळलेला असे.

माझी मुलगी धारवाडला कृषी विद्यापीठात शिकते. तिथे कलमे बांधायला शिकवतात. आंब्याचे कोय कलम असो की आणखी कुठले, फांदीचा काप एका हातात, एका ओढीत आणि गुळगुळीत यावा लागतो. सालीखालचा हिरवा थर दोन्हीकडून जुळला तरच कलम धरते. बोथट चाकूने तो थर चेंगरतो आणि जोड वाळून जातो. सुट्टीत आली तेव्हा तिने आजीजवळ आजोबांचा चाकू मागितला. कलमाचे खास चाकू बहुधा एकाच बाजूने घासलेले असतात, ते तिच्याकडे आहे. पण शेतावर फिरताना खिशात हा हवा, असे तिचे म्हणणे.

आई म्हणाली, “वापरलास की धार लावावी लागेल. धार लावलीस की तो झिजेल. त्यांच्या हाताचं एवढंच उरलंय, बाळ.”

यावर काय बोलावे ते कुणाला सुचेना, कारण तिचे बरोबर होते. धार लावणे म्हणजे काढून टाकणे. दर खेपेला पोलादाचा एक पापुद्रा पाण्याबरोबर जातो आणि परत येत नाही. अण्णांच्या चाकूचे मोठे पाते आधीच निम्मे राहिले होते. त्यांनीच ते चाळीस वर्षांत तसे केले होते.

मला त्या वेळी भर्तृहरी आठवला. नीतिशतकात त्याने झिजून शोभणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे, आणि तिच्यात पहिला मान शाणेवर घासलेल्या रत्नाचा. वर्गात हा श्लोक शिकवणे सोपे असते. आईसमोर मी तो काढला नाही. मुलीनेच दुसरी वाट काढली. म्हणाली, “आजी, आधी मी तुझी सुरी करून दाखवते. आवडली तर बघू.”

तीन संध्याकाळी ती ओट्याशी उभी होती. पहिल्या दिवशी सुरी होती तशीच. दुसऱ्या दिवशी टाचेकडे लागली, टोकाकडे नाही. तिसऱ्या दिवशी आईने त्या सुरीने भेंडी चिरली, काही बोलली नाही, आणि रात्री रुमाल सोडला. अट एकच घातली, मोठे पाते वापरायचे नाही, लहान वापर. मोठ्या पात्यावर अण्णांचा शेवटचा हात आहे, तो तसाच राहू दे. मुलीने ते मान्य केले. मला वाटते, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर कुठल्या पुस्तकात मिळाले नसते.

आपल्या प्रत्येकाच्या घरी असे काहीतरी असते. आजीचा अडकित्ता, काकांचा वस्तरा, माळ्यावरचा गंजलेला कोयता. त्यातले काय वापरायचे आणि काय जपायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण वापरायचे ठरले तर ते राखण्याची विद्याही हातात हवी, नाही तर चार महिन्यांत वस्तू अडगळीत जाते. ही विद्या कठीण नाही. एक दगड, वाटीभर पाणी, जुना पट्टा आणि दोन-तीन संध्याकाळी. त्यानंतर महिन्यातून एकदा बारीक बाजूवर दहा-पंधरा हात पुरतात. खरखरीत बाजू वर्षातून एखाद्या वेळी लागेल. दगड मधे खोलगट झाला तर सपाट फरशीवर जाड वाळू आणि पाणी टाकून त्यावर तो घासावा, पुन्हा सरळ होतो.

मुलांनाही हे शिकवावे, अर्थात समोर बसून. सातवी-आठवीच्या मुलाच्या हाती चाकू द्यायला आपण घाबरतो, पण जो धार लावायला शिकतो तो धारेला मान द्यायलाही शिकतो. फक्त विमानप्रवासात चाकू हातातल्या पिशवीत नको, सामानात टाकावा, एवढे त्याला आणि स्वतःलाही बजावून ठेवावे.

येत्या रविवारी स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या काढा आणि एकेक दिव्याखाली धरून पाहा. जिच्यावर सगळ्यात जास्त चमक दिसेल, तिच्यापासून सुरुवात करा.